घरातली जुनी जखम उघडायची तर आधी काय, नंतर काय: जातीय आघात आणि कुटुंबाचं मानसिक आरोग्य

शिकून शहरात गेलेली मुलगी जयंतीच्या सुट्टीत घरी येते. आघाताबद्दल, पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाणाऱ्या भीतीबद्दल तिने काहीतरी वाचलेलं असतं. जेवणं झाल्यावर ती सगळ्यांना बसवते आणि म्हणते, "आजी, गावात काय काय सोसलंस ते आज सगळं सांग." आजी अर्धं सांगून रडायला लागते. वडील उठून बाहेर जातात. लहान भाचा दारातून सगळं ऐकत असतो. त्या रात्री कोणी झोपत नाही आणि पुढे सहा महिने तो विषय घरात कोणी काढत नाही.

हेतू चांगलाच असतो, क्रम चुकतो. बोलणं हा या कामाचा सहावा टप्पा आहे आणि बहुतेक घरं तिथूनच सुरुवात करतात. हा लेख दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांसाठी आहे. पहिल्या आठ टप्प्यांना साधारण चार महिने धरा, नववा पुढचे सहा महिने चालतो. मधला एखादा टप्पा लांबला तर बिघडत नाही, वगळला तर बिघडतं.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. पिढीजात आघात म्हणजे रक्तातून आलेला रोग नव्हे. तो सवयींतून, घरातल्या नियमांतून, मारातून आणि गप्प बसण्यातून पुढे जातो. म्हणून त्यावर काम करता येतं.

## टप्पा १: आज चालू असलेला धोका आधी थांबवा

जुनं उकरण्याआधी तीन गोष्टी तपासा.

जिवाचा धोका. घरात कोणी "माझ्यामुळेच सगळं होतंय", "मी नसलो तर बरं" असं बोलत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं वागत असेल, तर सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलायला लागतो. फवारणीचं औषध, उंदराचं औषध, साठवलेल्या गोळ्या घराबाहेर किंवा दुसऱ्याकडे कुलपात ठेवा. माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत मिळते. प्रयत्न झालाच असेल तर ११२ किंवा जवळचं रुग्णालय. पोलीस केसच्या भीतीने लपवू नका: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानलं जातं.

दारू. घरातला माणूस रोज भरपूर पीत असेल तर त्याला एका दिवसात माळ घालायला किंवा पंचशील घेऊन सोडायला लावू नका. शपथ चांगली, पण शरीर एकदम तयार नसतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. "दारू सोडली आणि वेड लागलं" असं गावात म्हणतात ते हेच. आधी डॉक्टर, त्यांच्या देखरेखीखाली दारू बंद, मग शपथ.

चालू असलेला छळ. मुलीला वसतिगृहात आत्ता त्रास होतो आहे, गावात पाण्यावरून वाद पेटला आहे, घरात सुनेला मार बसतो आहे: अशा वेळी नुसते श्वासाचे व्यायाम शिकवणं म्हणजे तिलाच सोसायला शिकवणं. आधी सुरक्षित जागा, मग तक्रार. एक वही करा: तारीख, वेळ, ठिकाण, बोललेले शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे नसतो. ही दोन वाक्यं ठाण्यात जाणाऱ्याला पाठ हवीत.

> थांबा: या तिन्हींपैकी एकही गोष्ट चालू असेल तर टप्पा २ आणि ३ करा, पण ३ च्या पुढे जाऊ नका. कोर्टकचेरी एकाने आणि घर दुसऱ्याने सांभाळा. दोन्ही एकाच माणसावर टाकलं तर तो मोडतो.

## टप्पा २: कोण, कुठे, किती वेळ

पुढाकार दोघांनी घ्यावा, आणि शक्यतो ते वेगवेगळ्या पिढीतले असावेत: भाची आणि मामा, नातू आणि आत्या. एकट्याने केलं की घरात "हिला कॉलेजात कोणीतरी भरवलंय" असं होतं.

दिवस साधा निवडा. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, लग्नाचा आदला दिवस, कुणाच्या दहाव्याचा दिवस नको. त्या दिवशी मन आधीच भरलेलं असतं. एका बैठकीला ४५ मिनिटं, दोन बैठकांत किमान दहा दिवस. एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही, ही खरी अडचण आहे. शेताचा बांध, इमारतीची गच्ची, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारचं विहार, किंवा दोघांनी चालत बोलणं. चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून पुरुष चालताना जास्त बोलतात.

नियम चारच ठेवा आणि पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचा. कुणीही "पुढे" म्हटलं की त्याच्यावरचा प्रश्न संपला. ऐकलेलं बाहेर जाणार नाही. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग नाही. प्यायलेल्या माणसाबरोबर बैठक नाही, तो कितीही मोठा असो.

नेहमीची चूक: घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढणं. लिहिलेलं वाक्य तोंडाच्या वाक्यापेक्षा कठोर वाटतं आणि ते पुसता येत नाही.

## टप्पा ३: दोन आठवडे फक्त शरीर

जुनी भीती आधी शरीरात येते: छातीत धडधड, हातपाय गार, पोटात गोळा. ती खाली आणता आली नाही तर पुढचं प्रत्येक बोलणं नव्याने जखम करतं. म्हणून हे आधी शिका, तेही सगळ्यांनी. "आजारी" ठरवलेल्या एकट्याने नव्हे.

१. पाय जमिनीवर टेकवून बसा. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. चक्कर आली तर तीन आणि चार करा.

२. डोळे मिटून भीती वाटत असेल तर उघडे ठेवा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या.

३. भीतीची लाट आलीच तर चेहऱ्यावर गार पाणी, किंवा मनगटं नळाखाली अर्धा मिनिट.

आजीला "श्वासाचा व्यायाम" पटला नाही तर ओवी म्हणायला सांगा. लांब सुरात गाताना श्वास आपोआप सावकाश सुटतो. बौद्ध घरांत आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवणं, माहीत असतं. दहा मिनिटं पुरेत.

> सावधान: "दहा दिवसांच्या विपश्यनेला पाठवा, बरा होईल" हा सल्ला सरसकट देऊ नका. ताजा आघात, भास किंवा आत्महत्येचे विचार असलेल्या माणसाला लांबलचक मौनात जुनं सगळं एकदम वर येऊ शकतं. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं. ते लपवू नका, आणि आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

तपासणी: घरातल्या किमान तिघांना स्वतःची धडधड पाच-दहा मिनिटांत खाली आणता येते का? येत असेल तर पुढे चला. नसेल तर आणखी एक आठवडा.

## टप्पा ४: तीन पिढ्यांचा नकाशा

समुपदेशक याला जेनोग्राम म्हणतात. मोठा कागद घ्या. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वारलेल्याला फुली. वर आजी-आजोबा, मध्ये आई-वडील आणि त्यांची भावंडं, खाली मुलं. लहानपणी गेलेली मुलं, टाकलेल्या बायका, घर सोडून गेलेले काका, सगळे घाला. ज्याचं नाव घ्यायला घर कचरतं, त्याच्यापाशीच बऱ्याचदा धागा सापडतो.

मग दोन रंग. लाल रंगाने आघात: बहिष्कार, मारहाण, गाव सोडणं, जळालेलं घर, वेठबिगारी, पोलिसांचा मार, आत्महत्या, दारू. निळ्या रंगाने आधार: ज्याने शाळेत घातलं तो, गिरणीतली किंवा रेल्वेतली पहिली नोकरी, वसतिगृह, १९५६ चं धर्मांतर, भजनी मंडळ, बचत गट, बाळंतपण करणारी शेजारीण.

वडीलधाऱ्यांना सन आठवत नाही, म्हणून खुणेच्या घटना विचारा: बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली झाल्या तेव्हा, म्हणजे १९७८ ला, तुम्ही केवढे होता? १९९४ ला विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा मोठी आत्या शाळेत होती का? वरळीच्या बीडीडी चाळीतल्या घराला १९७४ ची दंगल आठवेल, घाटकोपरच्या घराला ११ जुलै १९९७ चा रमाबाई नगरातला गोळीबार. अशा खुणांभोवती नकाशा भराभर भरत जातो आणि सांगणाऱ्यावर ताणही कमी येतो, कारण या टप्प्यात फक्त कोण, कुठे, कधी एवढंच विचारायचं आहे. "काय झालं" हे अजून नाही.

नेहमीची चूक: कागद लालच लाल होतो. एक लाल खूण झाली की एक निळी शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोक त्यातून वाचले, तर कशाच्या तरी आधारानेच वाचले. तो आधार नोंदवला नाही तर नकाशा खोटा ठरतो.

## टप्पा ५: घराचे न बोललेले नियम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन-तीन बैठका लागतील.

आघात गोष्टींतून उतरतो त्याहून जास्त नियमांतून उतरतो, आणि ते नियम कुणी नियम म्हणून सांगितलेले नसतात. आडनाव विचारलं तर नुसतं नाव सांग. कुणाच्या घरी पाणी मागू नको. इस्त्रीचे कपडे घातल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. वर्गात पुढे बसू नको. किंवा उलट, पहिला नंबर आला नाही तर घरी येऊ नको. मोठ्याने हसू नको. पारध्याच्या घरात: खाकी दिसली की पळ. जवळपास सगळ्या घरांत: मार खाल्ल्याशिवाय पोर शिकत नाही, आणि बाप्याने रडायचं नसतं.

प्रत्येकाने घरातले तीन नियम चिठ्ठीवर लिहावेत. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावं, दुसऱ्याने लिहावं. मग प्रत्येक नियमाला तीन प्रश्न:

१. हा नियम कोणत्या धोक्यापासून वाचवत होता?
२. तो धोका आज, या गावात, या शहरात आहे का? कुठे आहे, कुठे नाही?
३. आज या नियमाची किंमत घरात कोण मोजतं?

आडनावाचा नियम घ्या. धोका खरा होता. आजही पुण्या-मुंबईत भाड्याची खोली शोधताना तो खरा असू शकतो, म्हणून तिथे नियम ठेवायचा की नाही हे खोली शोधणाऱ्याने ठरवावं. पण तोच नियम घरातल्या सात वर्षांच्या मुलीला शिकवला तर ती एवढंच शिकते की आपल्या नावात काहीतरी लाजेचं आहे. मग ठराव असा होतो: घरमालकापुढे ज्याची त्याची मर्जी, घरात आणि शाळेत पूर्ण नाव, मोठ्याने.

माराचा नियम घ्या. ज्या बापाने पोराला "साहेबापुढे उलटं बोलशील तर जिवानिशी जाशील" म्हणून मारलं, त्याला पोराचा जीव वाचवायचा होता. आज त्या माराने पोरगा फक्त लपवायला शिकतो. इथे घरं दोन टोकांना जातात. काही म्हणतात, "बाबांनी सोसलं म्हणून ते तसे, जाऊ दे." काही म्हणतात, "बाबाच वाईट." दोन्हीत काम थांबतं. बाबा तसे का झाले हे समजून घ्या, आणि आजपासून या घरात हात उचलला जाणार नाही हेही त्याच बैठकीत ठरवा. समजून घेणं म्हणजे चालू द्यायला परवानगी नव्हे.

प्रत्येक नियमापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: ठेवू, बदलू, सोडू. एका महिन्यात दोनच नियम बदला. जास्त घेतले की पहिल्या भांडणात सगळे परत येतात.

> तपासणी: "सोडू" असं लिहिलेल्या नियमाच्या जागी काय करायचं हे लिहिलंय का? "मारायचं नाही" एवढं पुरत नाही. "राग आला की बाहेर जाऊन दहा मिनिटांनी परत यायचं" हे पुरतं.

## टप्पा ६: आता ऐका

आधी एकट्याला विचारा: "सांगायचंय का? कुणासमोर?" नको म्हटलं तर विषय तिथेच संपला. गप्प राहणं हाही त्यांचा हक्क आहे.

प्रश्नांची उतरंड ठेवा. आधी साधं: घर कसं होतं, काय खायचात, शाळा किती लांब. मग जागा: वर्गात कुठे बसायचात, पाणी कोण वाढायचं, ओंजळीत की भांड्यात. मग घटना. शेवटची दहा मिनिटं पुन्हा आजवर आणा: नातवंडं, कोंबड्या, उद्याचा बाजार. "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" हा प्रश्न ते स्वतः त्या दिशेने गेले तरच विचारा. घटनेवर वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि एका दिवशी एकच घटना.

या खुणा दिसल्या की थांबा: नजर एका जागी गोठणं, हात थरथरणं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा, मधेच झोपेची गुंगी, लहान मुलासारखा आवाज. तेव्हा पुढचा प्रश्न विचारू नका, मिठीही एकदम मारू नका. नाव घेऊन सांगा: "आजी, मी संगीता. आज रविवार. आपण नांदेडच्या घरात आहोत. दार उघडं आहे." पायाखालची फरशी जाणवू द्या, पाणी द्या, चहा ठेवायला बरोबर न्या. त्या रात्री त्यांना एकटं झोपू देऊ नका आणि दुसऱ्या दिवशी चौकशी करा.

लैंगिक हिंसेबद्दल वेगळा नियम: खोदून काढू नका, मुलगे-जावयांसमोर तर नाहीच. कळलं तर कुणाला सांगायचं हे फक्त त्या बाईने ठरवायचं. ऐकणाऱ्याने दोन वाक्यं बोलावीत: "तुमची चूक नव्हती" आणि "सांगितलंत ते बरं केलंत". "तेव्हाच का नाही बोललात?" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका.

हल्ला ताजा असेल, काही दिवसांपूर्वीचा, तर हा टप्पा करूच नका. पोलिसांना आणि डॉक्टरांना लागेल तेवढंच सांगू द्या. ताज्या घटनेनंतर माणसाला बसवून सगळं वदवून घेऊ नये, असंच जागतिक आरोग्य संघटनेचंही मार्गदर्शन आहे. अन्न, झोप, ओळखीचं माणूस, सुरक्षित जागा: सुरुवातीला एवढंच औषध.

## टप्पा ७: मुलांची तयारी

अमेरिकेतली कृष्णवर्णीय कुटुंबं मुलांना वर्णभेदाला तोंड द्यायला कशी तयार करतात, यावर तिथे बरंच संशोधन झालं आहे. पोलिसांनी अडवलं तर हात कुठे ठेवायचे, काय बोलायचं, हे तिथले आईबाप मुलांना बसवून सांगतात. त्या बोलण्याला 'द टॉक' असंच नाव पडलं आहे. त्यातून आपण घ्यायची गोष्ट ही: आधी अभिमान, मग इशारा. फक्त धोका सांगितला की मूल घाबरतं. फक्त अभिमान दिला की पहिल्या टोमण्याला ते गोंधळतं.

चार ते सात वर्षं: आपली माणसं, आपली गाणी, आजोबांनी विहीर कशी खणली. कुणी वाईट वागलं तर "तुझं काही चुकलेलं नाही, मला येऊन सांग."

आठ ते अकरा: "जात" हा शब्द घरातच, आईबापांच्या तोंडून कळू द्या, तो शिवी म्हणून बाहेर कळण्याआधी. प्रसंग घरी खेळून बघा. डबा खाताना कुणी सरकून बसलं तर काय म्हणशील, कुठे जाशील, कुणाला सांगशील? तीनदा खेळलेलं उत्तर वेळेला सुचतं.

बारा वर्षांपुढे: कायदा, शिष्यवृत्ती, आरक्षण का आहे याचं नीट उत्तर. कॉलेजात "तुझी रँक किती?" असं विचारून प्रवर्ग काढला जातो. त्यावर तीन उत्तरं तयार असू द्या: टाळणारं ("आठवत नाही"), सरळ ("आरक्षणातून आलोय, माझा हक्क आहे") आणि उलट प्रश्न ("का विचारतोस?"). कोणतं वापरायचं ते मुलाने ठरवावं. टाळलं म्हणून त्याला भित्रा म्हणू नका.

नेहमीची चूक: अत्याचाराचे व्हिडिओ मुलांना "कळू दे यांना" म्हणून दाखवणं. त्यातून जाणीव कमी आणि भयस्वप्नं जास्त येतात.

## टप्पा ८: तज्ज्ञाकडे कधी, कसं

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, कामात किंवा शाळेत लक्ष नाही, जुनी घटना डोळ्यांसमोर पुन्हा घडल्यासारखी दिसते, भास, सतत रडू किंवा सतत राग: यातलं काही असेल तर घरचे प्रयत्न चालू ठेवून तज्ज्ञाकडे जा.

कुठे? जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. खासगीत गेलात तर मनोविकारतज्ज्ञ हा नोंदणीकृत डॉक्टर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

आपली माणसं त्रास शरीराच्या शब्दांत सांगतात: जीव घाबरतो, अंगात ताकद नाही, डोक्याला मुंग्या येतात. ते शब्द तसेच लिहून न्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, रक्तदाब तपासायला सांगा. यांच्या बिघाडानेही तशीच लक्षणं येतात.

समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा: "जातीमुळे झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला बोलायचंय. तुम्ही अशा कामाला तयार आहात का?" उत्तर "आता कुठे राहिलीय जात" किंवा "तुम्ही फार मनाला लावून घेता" असं आलं, तर माणूस बदला. एका वाईट भेटीवरून उपचार सोडू नका. २०१७ च्या कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे, आणि सामाजिक स्थिती किंवा एखाद्या समूहाचा सदस्य असणं यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

> सावधान: उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका. बरं वाटलं म्हणूनही एकदम थांबवू नका. मावशीच्या पट्टीतली गोळी भाच्याला देऊ नका.

## टप्पा ९: पुढचे सहा महिने

महिन्यातून एकदा अर्धा तास. कॅलेंडरवर चार गोष्टींच्या खुणा करा: नीट झोप झालेल्या रात्री, हात उचललेले दिवस, दारूचे दिवस, मुलांचे शाळा बुडालेले दिवस. "बरं चाललंय" या उत्तरापेक्षा या खुणा खऱ्या बोलतात.

गेलेल्या माणसाच्या तारखेला, गावच्या जत्रेला, कोर्टाच्या तारखेला, टीव्हीवर नवीन घटना आली की खुणा बिघडतील. त्या तारखा आधीच कॅलेंडरवर गोल करून ठेवा आणि त्या आठवड्यात घरात कुणी एकटं राहणार नाही असं बघा. बिघडलं तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही: टप्पा १ ची तिन्ही तपासून घ्या, टप्पा ३ चा श्वास पुन्हा रोज, नियमांची बैठक पंधरा दिवस पुढे ढकला. नकाशाचा कागद घडी करून कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. त्याचा फोटो काढून कुणाला पाठवू नका.